संबंधांच्या तक्रारीचं निदान: भिवंडीत कुठे जायचं, किती खर्च येतो, कशाचे पैसे देऊ नयेत

संबंधांच्या वेळी दुखतं. इच्छाच होत नाही. मन तयार असतं पण शरीर कोरडं राहतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तृप्ती म्हणजे काय ते कधी कळलंच नाही. यातलं काहीही साधारण सहा महिने चाललं असेल आणि त्याचा तुम्हाला त्रास होत असेल, तर त्याला वैद्यकात नाव आहे, उपचार आहेत आणि भिवंडीत त्याची सुरुवात एक रुपयाही न देता करता येते. मात्र त्रास तुम्हाला व्हायला हवा, ही निदानाची अटच आहे. नवऱ्याची कुरकुर आहे किंवा सासूबाई मूल कधी म्हणून विचारतात, एवढ्यावर तुम्ही आजारी ठरत नाही.

पैसे वाचवणारी गोष्ट आधी सांगते. हे निदान बोलण्यातून होतं. डॉक्टरांनी वीस-तीस मिनिटं नीट प्रश्न विचारायचे, गरज असेल आणि तुमची तयारी असेल तरच तपासायचं. इच्छा कमी आहे हे दाखवणारी रक्ततपासणी नाही, सोनोग्राफी नाही. तपासण्या होतात त्या आड दडलेला दुसरा आजार शोधायला. म्हणून एकही प्रश्न न विचारता तीन हजारांचं ‘लेडीज हार्मोन पॅकेज’ लिहून देणाऱ्याकडून उठून यायचं.

पहिला दरवाजा आयजीएमचा, म्हणजे स्वर्गीय इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि उपजिल्हा रुग्णालयं त्यात येतात. कोणी ‘केसपेपरचे द्या’ म्हणालं तर पावती मागा. स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर काढायचा. सकाळीच पोहोचा. वंजारपट्टी नाका, कल्याण नाका या बाजूची वाहतूक दहानंतर तुंबते आणि उशिरा गेलेल्या बाईच्या वाट्याला डॉक्टरांची दोन मिनिटंही येत नाहीत. या तक्रारीला दोन मिनिटं पुरत नाहीत.

कागद काय लागतात? आधार किंवा दुसरं ओळखपत्र. जुने कागद असतील तर सगळे: बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, आत्ता चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. लग्नाचा दाखला लागत नाही. नवऱ्याची सही लागत नाही, त्याने सोबत येण्याचीही सक्ती नाही. वय अठराच्या आत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: लग्न झालेलं असलं तरी पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. त्यासाठी उपचार टाळू नका, पण विश्वासातली एखादी मोठी बाई सोबत न्या.

केसपेपरच्या खिडकीवर रांगेसमोर ‘काय होतंय?’ विचारतात. तिथे फक्त ‘स्त्रीरोग’ म्हणा. त्या कारकुनाला याहून जास्त सांगायला तुम्ही बांधील नाही. आत गेल्यावर मात्र आडवळणाने बोलू नका. आपल्याकडे बाई ‘अंगावरून पांढरं जातं’ किंवा ‘कंबर दुखते’ म्हणते, डॉक्टर गर्दीत तेवढंच ऐकतात, पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या लिहितात, आणि खरी तक्रार पुढच्या खेपेला, त्याच्या पुढच्या खेपेला तशीच परत जाते. या एका आडवळणात वर्षं जातात. सरळ म्हणा: ‘डॉक्टर, मला संबंधांच्या वेळी अडचण आहे. एकटीने बोलायचंय.’ खोलीत शिकाऊ डॉक्टर किंवा दुसऱ्या पेशंट असतील तर त्यांना बाहेर थांबवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. मराठी-हिंदी येत नसेल, घरात तेलुगू किंवा उर्दूच चालत असेल, तर रुग्णालयातली नर्स किंवा आशाताई मदतीला मागा. शेजारीण, नणंद किंवा स्वतःची मुलगी दुभाषी म्हणून नेऊ नका. तुम्ही अर्धंच बोलाल.

तपासणीबद्दल. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना खोलीत बाई कर्मचारी हवीच, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत लिहिलेलं आहे. नको असेल तर ‘आज तपासणी नको’ म्हणता येतं. शिरकावालाच दुखत असेल तर पहिल्याच भेटीत स्पेक्युलम (आत बघण्याचं उपकरण) घालण्याची घाई नको. अनुभवी डॉक्टर आधी ओल्या कापसाच्या काडीने बाहेरच्या बाजूला हलकेच स्पर्श करून नेमकं कुठे झोंबतं ते पाहतात. तेवढं पुष्कळदा पुरतं. आणि ‘कुमारी आहे का’ हे तपासण्याला वैद्यकात काहीही आधार नाही. ते कोणी करत असेल तर लगेच थांबवा.

जाण्याआधी घरी एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, कारण समोर गेल्यावर आठवत नाही. त्रास कधीपासून: पहिल्यापासून की मधेच सुरू झाला? दर वेळी की कधी कधी? दुखतं तर कुठे: योनीच्या तोंडाशी की आत खोल? शेवटची पाळी, बाळंतपणं, टाके. तांबी, गोळ्या की निरोध. साखर, थायरॉइड, बीपी, टीबी. झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं तुमच्या मर्जीने होतं का?

आता वर्गवारी. ती डॉक्टरांचं काम आहे असं समजून सोडून देऊ नका, कारण खर्च किती येणार ते इथेच ठरतं. २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञ ज्या डीएसएम-५ यादीने चालतात, तिच्यात स्त्रियांसाठी मुख्य तीन खाने आहेत: इच्छा किंवा उत्तेजना कमी असणं, तृप्ती न होणं किंवा फार उशिरा होणं, आणि वेदना किंवा शिरकाव न जमणं. चौथा खाना औषधांमुळे आलेल्या त्रासाचा. पहिल्या दोन खान्यांना पुढे दोन शेपट्या लावायच्या: आयुष्यभराचं की नंतर आलेलं, आणि सगळीकडे की ठरावीक प्रसंगीच.

जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने या तक्रारी मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात ठेवल्या. तुमच्या कागदावर ‘एचए००’ असेल तर इच्छा, ‘एचए०१’ उत्तेजना, ‘एचए०२’ तृप्ती, ‘एचए२०’ वेदना-शिरकाव. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी जुना ‘एफ ५२’ लिहितात. तो जुन्या यादीत मानसिक विकारांखाली येतो. सासरच्यांनी कागद बघून ‘वेडी आहे’ म्हणायला सुरुवात केली तर हे माहीत असलेलं बरं. त्या कोडचा अर्थ तसा होत नाही.

कागदावर खाना लिहून घ्याच. ‘निदान काय लिहिलंत?’ हे विचारायला लाजू नका. नुसतं ‘ॲन्झायटी’ किंवा ‘जनरल वीकनेस’ लिहून टॉनिक दिलं असेल तर निदान झालेलं नाही.

सर्वात स्वस्त निदान औषधांचं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्यांनी इच्छा आणि तृप्ती दोन्ही मंदावतात. काही बीपीच्या आणि काही हार्मोनच्या गोळ्यांनीही फरक पडतो. गोळी आणि त्रास एकाच सुमारास सुरू झाले असतील तर आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे जा. मात्रा किंवा गोळी बदलून भागू शकतं. मनाने गोळी बंद मात्र करू नका.

अंगावर पाजत असताना येणारा कोरडेपणा इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे येतो. तो आजार नाही, काही महिन्यांत जातो, तोवर पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट पुरतं. खोबरेल वापरत असाल तर निरोधासोबत नको, रबर फाटतं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, काही शेकड्यांत. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तसं आधी सांगा.

वेदनेत फरक करायला शिका. तोंडाशीच दुखतं, पाय आपोआप मिटतात, स्नायू आवळले जातात, तपासायलाही जमत नाही, हा व्हजायनिस्मसचा प्रकार. नव्याने लग्न झालेल्या मुलींमध्ये हा दिसतो आणि दोन्ही घरं मिळून त्याचा तमाशा करतात. त्यावर उपाय म्हणजे समजावणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि लहानापासून मोठ्या मापाचे डायलेटर (योनीत घालून सवय करायच्या नळ्या), सगळं हळूहळू. ‘पडदा कापून मोकळं करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे ऑपरेशनला तयार होण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. व्हजायनिस्मसमध्ये अडथळा पडद्याचा नसतो, आणि कापल्याची जखम, भीती, दोन्हींची भर पडते. आत खोल दुखत असेल तर गोष्ट वेगळी: एंडोमेट्रिओसिस, गर्भनलिकांची सूज, गाठ, क्वचित गर्भपिशवीचा टीबी. इथे सोनोग्राफीला अर्थ आहे आणि ती आयजीएममधूनच मागा. तोंडाशी दुखतं किंवा इच्छा नाही म्हणून सोनोग्राफी लिहून दिली तर ‘यातून काय कळणार?’ हे विचारा.

रक्ताच्या तपासण्यांपैकी कारण असेल तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन एवढ्या पुरतात. टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून इच्छा कमी, असं सांगून ती तपासणी विकली जाते. जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की अमुक पातळीखाली आजार अशी रेषा स्त्रियांमध्ये नाही. ते पैसे वाचवा.

काही ठिकाणी एकोणीस प्रश्नांचा कागद भरून घेतात, एफएसएफआय नावाचा. कमाल गुण ३६, आणि २६.५५ च्या खाली गेलं तर पुढे तपासायचं. हा कागद चाळणी आहे, निदान नाही. त्यात फक्त मागच्या चार आठवड्यांचं विचारतात. त्या महिन्यात नवरा गावी गेला असेल, यंत्रमाग (लूम) बंद म्हणून उत्तरेत किंवा तेलंगणात, तर संबंध झालेलेच नसतात, शून्य गुण पडतात आणि तुम्ही कागदावर उगाच आजारी दिसता. तसं स्पष्ट सांगा. या कागदाचे वेगळे हजार-पाचशे ‘सायकोमेट्रिक टेस्ट’ म्हणून लावले तर देण्याआधी हिशेब विचारा.

आणि मर्जीचा प्रश्न. मारहाण होत असेल, दारू पिऊन जबरदस्ती होत असेल, तर इच्छा न होणं हा तुमचा विकार नाही. डीएसएम-५ मध्ये तसं लिहिलेलं आहे की जोडीदाराच्या हिंसेमुळे येणारा त्रास या निदानात धरायचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे चुकीच्या खान्यात तुमचं नाव पडणार नाही.

आता खासगीत किती? पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, दरपत्रक नव्हे, म्हणून जाण्याआधी फोनवर विचारा. भिवंडी-कल्याणला स्त्रीरोगतज्ज्ञाची पहिली फी साधारण ३०० ते ८००, ठाण्यात ८०० ते १,५००, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्याहून बरीच वर. थायरॉइडची तपासणी २०० ते ५००, प्रोलॅक्टिन ४०० ते ७००, सोनोग्राफी ८०० ते १,५००. समुपदेशनाचं एक सत्र १,००० ते २,५००, स्नायूंच्या फिजिओथेरपीचं ८०० ते २,०००. सत्रं एक-दोनवर संपत नाहीत, पाच-दहाची तयारी ठेवा. डायलेटरचा संच दीड हजारापासून पुढे. म्हणजे निदानापर्यंत दोन-तीन हजार, उपचारासह दहा ते तीस हजार. याच्या कितीतरी वर कोणी सांगत असेल तर का, ते लिहून मागा.

फोनवर विचारायचं ते असं. फाइलचे वेगळे किती? दुसऱ्या भेटीची फी किती दिवस लागत नाही? नवरा-बायको दोघं बसले तर दुप्पट लावता का? तपासण्या बाहेरून केल्या तर चालतील का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’च असायला हवं, लॅब आणि औषधाचं दुकान निवडणं हा रुग्णहक्क आहे. दहा सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका, सवलत कितीही दाखवली तरी. सत्र झालं की त्या सत्राचे द्या.

मोबाइल नंबर कोणाचा देता ते बघा. रिपोर्ट आता व्हॉट्सॲपवर येतात, आणि घरात एकच फोन असेल तर ते दिराच्या हातात पडतात. स्वतःचा नंबर नसेल तर ‘कागदच द्या, मेसेज नको’ असं काउंटरवर सांगा. यूपीआयने भरलेलं नवऱ्याच्या फोनवर दिसतं. रोख द्या, पावती घ्या. पावतीवर आणि चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तुमच्या केसचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. घरचे घटस्फोटासाठी ‘सर्टिफिकेट आण’ म्हणत असतील तर स्वतःहून काहीही आणून देऊ नका. न्यायालयाला हवं असेल तर ते सांगेल. आधी वकिलाशी बोला.

विम्याची आशा कमी ठेवा. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही, महात्मा फुले योजना भरती होऊन करायच्या उपचारांची आहे, तेव्हा ‘योजनेत बसवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. मात्र तुम्ही किंवा नवरा गोदामात, कारखान्यात पगारावर असाल आणि पगारातून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) पाऊण टक्का कापला जात असेल, तर तुम्हालाही उपचार मिळतात. ई-पहचान कार्ड घेऊन नेमून दिलेल्या दवाखान्यात जा, तिथून ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा उल्हासनगरच्या ईएसआय रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. लूमवरच्या बहुतेकांच्या नशिबी हे नाही. पण ज्यांचं कापलं जातं, त्यांनी तरी वसूल करावं.

आयजीएममध्ये मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तिथे भागलं नाही तर पुढची पायरी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि मग परळचं केईएम, जिथे डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. महापालिकांच्या या रुग्णालयांना राज्याचा मोफतचा निर्णय लागू नाही, पण फी नाममात्र असते. शेअर रिक्षाने किंवा एसटीने ठाणे, तिथून लोकल. ओपीडी कोणत्या वारी ते आधी फोन करून घ्या, नाहीतर एका दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जातं. आयजीएमची संदर्भ चिठ्ठी सोबत न्या, म्हणजे झालेल्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही. बोलून मन मोकळं होईल, पुढे कुठे जायचं ते कळेल. तपासणीची जागा मात्र तो फोन घेत नाही.

भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’वाल्यांकडे जाऊ नका. संभोगशक्ती वाढवतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे ती पाटी हाच पहिला पुरावा. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं, पाचशेपासून सुरू होतं आणि भस्मावर भस्म चढत जातं. ऑनलाइन मिळणारी ‘बायकांची व्हायग्रा’ घेऊ नका. व्हायग्रातली सिल्डेनाफिल स्त्रियांच्या लैंगिक तक्रारींसाठी मंजूर नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये पाळी न गेलेल्या स्त्रियांच्या कमी इच्छेसाठी मंजूर झालेली फ्लिबॅन्सेरिन रोज घ्यावी लागते आणि दारूसोबत बीपी धोकादायक उतरतं. क्लिनिकमधला लेझर आणि रक्तातून काढलेल्या पीआरपीचं इंजेक्शन यांचं बिल दहा-दहा हजारांच्या उड्या मारतं. ‘योनी घट्ट करणाऱ्या’ लेझरसारख्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये भाजण्याचा आणि कायमच्या वेदनेचा इशारा दिलेला आहे.

फसवणूक झालीच तर खासगी डॉक्टर किंवा क्लिनिकविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद, पदवी नसलेल्याबद्दल महापालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस. आयजीएमसारख्या मोफत रुग्णालयाला ग्राहक कायदा लागत नाही, तिथली तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.